कात्री आधी सुटली कशी?

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आईला घेऊन नातेवाइकांकडे फिरून आले, चार फ्लाइट झाल्या, म्हणजे चार वेळा चेकिंग झालं. आईला क्रोशाचं वेड, त्यामुळे तिच्या पिशवीत दोऱ्याचे गुंडे, गोळ्यांची डबी आणि दोरा कापायची बोटभर कात्री कायम असते. ती काढून ठेवायची आम्ही दोघीही विसरलो, चूक आमचीच. एका ठिकाणी पिशवी एक्स-रेतून गेली, पलीकडे आली, कुणी काही बोललं नाही. पुढच्या एका विमानतळावर मात्र पिशवी बाजूला काढली, जवानाने तळातून रुमालात गुंडाळलेली ती कात्री बरोबर शोधली आणि 'माताजी, ये नहीं जाएगा' म्हणून डब्यात टाकली. आईचा चेहरा उतरला, आजीची होती ती. माझ्या मात्र पोटात गोळा आला कारण इथे ती पकडली म्हणजे आधीच्या विमानात ती आमच्याबरोबर उडून आली होती! आमच्याकडची क्रोशाची कात्री होती, दुसऱ्या कुणाकडे दुसरं काही असतं तर?

विमानतळांची नावं मुद्दाम लिहीत नाही, कुणा एकाची तक्रार करायची नाहीये. आणि चेकिंगचा कंटाळा येतो असंही नाही, 13 फेब्रुवारी 2010 ला जर्मन बेकरीत बॉम्बस्फोट झाला तो आम्ही पुणेकर विसरलेलो नाही. आईला तर गेटवरच सीआयएसएफ या केंद्रीय सुरक्षा दलाचा जवान तिकीट आणि आधार कार्ड बघतो तेव्हाच हायसं वाटतं. जर्मनीतला भाचा सांगतो की तिकडे सोडायला आलेले लोकपण खुशाल टर्मिनलमध्ये जातात, ते ऐकून तिला पटतच नाही.

देशादेशात नियम वेगळे असणार हे मान्य आहे. अमेरिकेत चार इंचापर्यंत पात्याची कात्री केबिनमध्ये चालते, आपल्याकडे चालत नाही. बूट काढायची सक्ती त्यांनी जुलै 2025 मध्ये बंद केली. केबिनमध्ये 100 मिलीपेक्षा मोठी द्रवाची बाटली न नेण्याचा नियम 2006 मध्ये लंडनहून निघणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवायचा कट सापडला तेव्हापासूनचा, आणि आता एडिनबरासारख्या विमानतळांवर बॅगेतलं जास्त बारकाईने दाखवणारे नवे सीटी स्कॅनर आले म्हणून दोन लिटरपर्यंत नेता येतं. कारण कळलं की माणूस समजून घेतो हो. पण आपल्या देशात विमान सुरक्षेचे नियम ठरवणारं सरकारी खातं, बीसीएएस, एकच आहे ना, मग आईचे दोन्ही गुडघे बदललेत, मशीन वाजतंच, तर एकीकडे महिला जवान पडद्याआड 'ऑपरेशन हुआ है?' एवढंच विचारून मायेने तपासते आणि दुसरीकडे डॉक्टरचं सर्टिफिकेट दाखवा म्हणून पाय दुखणाऱ्या बाईला रांगेतून बाजूला उभं करतात, असं का?

इंडियन एअरलाइन्सच्या आयसी 814 विमानाचं अपहरण आठवा. 24 डिसेंबर 1999, विमान दिल्लीला यायचं होतं पण अपहरणकर्ते चढले काठमांडूला. दिल्लीत कितीही कडक बंदोबस्त असता तरी काय उपयोग होता? त्यानंतरच तर 2000 मध्ये जयपूरपासून सुरुवात करून एकेक विमानतळ सीआयएसएफकडे दिला, म्हणजे सगळीकडे सारखी तपासणी व्हावी हाच त्यामागचा विचार असणार.

म्हणून संबंधितांना कळकळीची विनंती आहे. चेकिंगवाले नीट बघतात की नाही हे तपासायला डमी वस्तू पाठवून परीक्षा घेतात, तिचा निकाल विमानतळांची नावं न देता का होईना, वर्षातून एकदा लोकांना सांगा. किती पकडलं, किती सुटलं, एवढंच. आणि काय नेता येतं काय नाही याचा मोठा बोर्ड मराठीत, चित्रांसकट, चेक-इन काउंटरच्या आधी लावा. सिक्युरिटीला पोचेपर्यंत मोठी बॅग गेलेली असते, मग घरची वस्तू डब्यात टाकण्याशिवाय काही हातात राहत नाही. गुडघे बदललेल्यांना कागद लागणार असेल तर तेही त्याच बोर्डावर लिहा, फाइल घेऊनच निघू.

पुढच्या महिन्यात आईला लग्नासाठी नागपूरला न्यायचंय, तिने पिशवी आत्तापासूनच दोनदा रिकामी करून बघितलीय.

आपली विश्वासू,
एक प्रवासी, कोथरूड, पुणे