भिंतीपलीकडचा खलबत्ता

प्रिय सुहास,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. कायदा आणि अर्थशास्त्र एकदम घेऊन दोन दगडांवर पाय कशाला, असं तू विचारलंस. परीक्षा संपली, आता निवांत लिहितो.

लंडनच्या एका मिठाईवाल्याचा खटला आहे, १८७९ चा, स्टर्जिस विरुद्ध ब्रिजमन. त्याच्या स्वयंपाकघरात दोन मोठे खलबत्ते चालत. एक ६० वर्षांहून जास्त, दुसरा २६ वर्षांहून जास्त काळ त्याच जागी. शेजारी डॉक्टर. त्यानं परसाच्या टोकाला, नेमकी त्याच स्वयंपाकघराला लागून, तपासणीची खोली बांधली. रोग्याच्या छातीचे ठोके ऐकायला जावं तर भिंतीतून बत्त्याचे ठोके! डॉक्टरनं मनाईहुकूम मिळवला. ‘वर्षानुवर्षं चाललंय’ हा बचाव टिकला नाही. खोली नव्हती तोवर उपद्रवच नव्हता, मग वहिवाटीची, म्हणजे दीर्घ वापरानं हक्क मिळण्याची, मुदत सुरू कुठून होणार? वर्गात मला हे अगदी पटलं.

त्याच आठवड्यात अर्थशास्त्राच्या तासाला तोच खटला पुन्हा समोर आला, अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोसच्या १९६० च्या निबंधातून. कोस म्हणतो, त्रास दोन्हीकडून आहे. खल चालला तर डॉक्टरचं नुकसान, थांबवला तर मिठाईवाल्याचं. बोलणी फुकटात होत असतील तर निकाल कुणाच्याही बाजूनं लागो, दोघं सौदा करतील आणि ज्याचं काम जास्त मोलाचं तेच तिथं चालेल. निकालानं ठरेल ते इतकंच, की पैसे कुणी कुणाला द्यायचे. त्या दिवशी मी वही उघडी ठेवून कितीतरी वेळ नुसता बसून होतो.

पुष्कळजण कोसला इथेच सोडतात, याचं मला वाईट वाटतं. त्याचा खरा रोख पुढे आहे: बोलणी फुकटात होतच नाहीत. एका कारखान्याचा धूर हजार घरांत शिरत असेल, तर त्या हजारांना एकत्र कोण बसवणार? म्हणून तर हक्क कुणाच्या पदरात पडतो, याला इतकं महत्त्व.

आणि ते ‘इतकंच’? पैसे कुणी द्यायचे, हे कोर्टात उभ्या असलेल्या माणसाला सर्वस्व असतं. हे मला कायद्यानं शिकवलं. अर्थशास्त्रानं शिकवलं ते वेगळं: या भांडणाचा निकाल वाचून पुढचा डॉक्टर आपली खोली कुठे बांधेल? एका विषयावर पाणी सोडलं तर यातला एक प्रश्न मला सुचणारच नाही, सुहास.

ती खोली बांधायच्या आधी डॉक्टरला पलीकडचा आवाज ऐकू आला नसेल का? मी अजून त्यावरच अडलोय. तुला काय वाटतं ते सविस्तर लिही.

तुझाच,
अभय