मुलांचे प्रश्न दाबू नका : पालक सभासदांसाठी सूचना

सर्व पालकांना नमस्कार.

३ डिसेंबरला आंतरराष्ट्रीय दिव्यांग दिन आहे. त्यानिमित्त येत्या रविवारी मुलांसोबत गप्पांचा कार्यक्रम ठेवला आहे. त्याआधी एक कळकळीची विनंती.

मूल रस्त्यात मोठ्याने विचारतं, "त्या काकांना एकच पाय का?" आणि आपण त्याचा हात दाबून "शू, गप्प!" म्हणतो. मुलाला त्यातून एवढंच कळतं, की ही काहीतरी लाजिरवाणी गोष्ट आहे. त्यापेक्षा साधं उत्तर द्या : "काहींचा पाय जन्मापासून नसतो, काहींचा आजारात किंवा अपघातात जातो. ते कुबडी घेऊन चालतात." बहुतेक मुलांना तेवढं पुरतं.

"बिचारा" हा शब्द टाळा. आंधळा, बहिरा, वेडा हे शब्द घरात चिडवायला वापरत असाल, तर तेही आजपासून बंद. व्हीलचेअर ही त्या माणसाची हक्काची जागा. तिला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, ढकलायचं तर नाहीच.

रविवारी डोळ्यांवर पट्टी बांधून चालण्याचा खेळ मुद्दाम ठेवलेला नाही. त्यातून मुलांना फक्त भीती कळते, अंध माणसाचं सरावाचं कौशल्य नाही. त्याऐवजी ब्रेल लिपीत मुलं आपलं नाव लिहितील. अवघ्या सहा टिंबांची ही लिपी लुई ब्रेल यांनी १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी तयार केली! जाड कागद आणि बोथट टोकाची सुई सोबत द्या.

मुलांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून शुक्रवारपर्यंत पाठवा. कृपया सुधारून नकोत.