फॉरमॅट न मारता माझा लॅपटॉप तपासणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार मी समोरासमोर मानले, पण ते चार माणसांत मानावेत असं मनापासून वाटलं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे. आणखी एक कारण आहे. आमच्या डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवण्याच्या धंद्यात जुना लॅपटॉप जपून वापरणारे पुष्कळ आहेत. पेजमेकर या पानं जुळवण्याच्या प्रोग्राममध्ये, जुन्या श्रीलिपी फॉन्टांत जुळवलेल्या लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक, हे सगळं दुसऱ्या मशीनवर उघडलं की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. म्हणून विंडोज सेव्हन सुटत नाही. अशा मशीनमध्ये काही शिरल्याची शंका आली की सगळीकडून एकच सल्ला मिळतो, फॉरमॅट मारा, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाका. मलाही तोच मिळाला होता. तुम्ही मात्र आल्या आल्या विचारलंत, "काका, यात असं काय आहे जे गेलं तर परत मिळणार नाही?" पहिले आभार त्या प्रश्नाचे.

मला भीती होती ती कुलूपबंद फाइलींची. 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' या फोल्डरवर क्लिक केलं की 'ॲक्सेस इज डिनाइड'. 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन'चंही तेच. सी ड्राइव्हवर दोन अवाढव्य फाइली, मिळून ७ जीबीच्या आसपास, आणि त्या काही केल्या उडत नव्हत्या. मशीन माझं, पासवर्ड माझा आणि प्रवेश मलाच नाही, म्हणजे आत दुसरं कुणीतरी बसलंय, अशी माझी खात्रीच झाली होती. त्यात ब्राउझर उघडला की नको ते शोध-पान यायचं आणि पंखा सारखा घरघरायचा.

तुम्ही घाई केली नाहीत. आधी इंटरनेट बंद केलंत, माझं काम बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवलंत आणि मग एकेका कुलपाचा अर्थ सांगितलात. 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' हा खरा फोल्डरच नाही. विंडोज एक्सपीच्या काळातले प्रोग्राम अडू नयेत म्हणून तिच्यानंतरच्या विंडोज व्हिस्टापासून ठेवलेली ती नुसती पाटी आहे. माणसाने क्लिक केलं तर ती नकार देते, जुना प्रोग्राम आला तर त्याला 'यूजर्स'कडे वळवते. त्या दोन मोठ्या फाइलींपैकी 'पेजफाइल' ही रॅम, म्हणजे मशीनची चालू कामाची स्मृती, अपुरी पडली तर लागणारी जागा, आणि 'हायबरफिल' ही हायबरनेट करताना, म्हणजे उघडं काम तसंच राखून मशीन बंद करताना, रॅममधला मजकूर ठेवण्याची. विंडोज सेव्हन तिला रॅमच्या ७५ टक्के जागा देतं, म्हणजे माझ्या ४ जीबीच्या मशीनवर ३ जीबी. ती सतत वापरात असते म्हणून उडत नाही. तुम्ही 'पॉवरसीएफजी'ची एक कमांड देऊन हायबरनेट बंद केलंत आणि ३ जीबी जागा तिथल्या तिथे मोकळी झाली.

विंडोजच्या 'सिस्टिम ३२' या फोल्डरमधल्या फाइलींचा मालक मी नसून 'ट्रस्टेडइन्स्टॉलर' आहे, हे पाहून तर मी हबकलो होतो. तुम्ही म्हणालात, "काका, देवळाचा ट्रस्टी असला तरी गाभाऱ्यात पुजारीच जातो." त्या फाइली बदलायचा हक्क विंडोजने व्हिस्टापासून आपल्याच एका सेवेकडे, म्हणजे या 'ट्रस्टेडइन्स्टॉलर'कडे, ठेवला आहे, ॲडमिनिस्ट्रेटरकडेसुद्धा नाही. अनेक जण अशा वेळी मालकी स्वतःकडे ओढून घ्यायला सांगतात. तुम्ही मला तसं करू दिलं नाहीत. मालकी माझ्या खात्याकडे आली की माझ्या नावाने चालणाऱ्या प्रोग्रामलाही त्या फाइलींना हात घालता येतो, मग तो प्रोग्राम चांगला असो की वाईट. हे मला दुसऱ्या कुणीही सांगितलं नव्हतं.

मग तुम्ही जे सांगितलंत ते माझ्या कायम लक्षात राहील. खरं हेरगिरीचं सॉफ्टवेअर आपल्या तोंडावर नकाराची चौकट फेकत नाही, ते दिसूच नये अशी तजवीज करतं. २००५ साली विंडोजचे जाणकार मार्क रुसिनोविच यांना स्वतःच्या कॉम्प्युटरवर असंच काही सापडलं होतं. सोनी बीएमजीच्या संगीताच्या सीडीबरोबर ते आत आलं होतं, आणि नावाच्या सुरुवातीला ठरावीक अक्षरं असलेली कुठलीही फाइल ते लपवून टाकत असे. त्याच रुसिनोविच यांची 'ऑटोरन्स' आणि 'प्रोसेस एक्सप्लोरर' ही साधनं तुम्ही पेन ड्राइव्हवर आणली होतीत, सेव्हनवर चालणाऱ्या जुन्या आवृत्त्या शोधून. दोन्ही फुकट मिळतात.

ऑटोरन्सने मशीनबरोबर सुरू होणाऱ्या सगळ्या गोष्टींची यादी काढली. त्यातल्या मायक्रोसॉफ्टच्या नोंदी तुम्ही बाजूला सारल्यात आणि उरलेल्या एकेक वाचत गेलात. बनवणाऱ्याची सही कोणाला आहे, कोणाला नाही, प्रोग्राम कुठल्या फोल्डरमधून उठतो आहे. 'ॲपडेटा'मध्ये दडलेला, अर्थहीन नावाचा, बिनसहीचा एक प्रोग्राम निघाला. त्याचाच भाऊबंद ब्राउझरमधला टूलबार. त्याची एक फाइल हटत नव्हती, आणि हे कुलूप मात्र आपल्या कामाचं होतं. ती कोणी धरून ठेवली आहे हे प्रोसेस एक्सप्लोररमध्ये शोधलं तर विंडोजचा स्वतःचा, फोल्डर दाखवणारा 'एक्सप्लोरर'च ती पोटात घेऊन बसला होता. तुम्ही लॅपटॉप पूर्ण बंद करून लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेन ड्राइव्हवरून सुरू केलात. विंडोज उठलेलंच नसल्यामुळे फाइल धरायला कोणी नव्हतं, ती निमूटपणे निघाली. विंडोज हायबरनेटमध्ये असताना बाहेरून त्या डिस्कवर लिहिलं तर फाइली बिघडू शकतात, म्हणून हायबरनेट आधीच बंद केलं होतं, हेही तुम्ही तेव्हा समजावलंत. पंख्याच्या आवाजामागे हेर नव्हता, धूळ होती.

सगळ्यात गंभीर गोष्ट वेगळीच निघाली. मागच्या दुरुस्तीच्या वेळी कोणीतरी दुरून मशीन चालवण्याचा प्रोग्राम टाकला होता आणि तो काढला नव्हता. त्याला कायमचा पासवर्ड लावलेला, म्हणजे मला न विचारता आत येता यावं अशी सोय. अँटिव्हायरसने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता, कारण असा प्रोग्राम बेकायदा नसतो. तो पाहून तुमचा आवाज बदलला, ताई. त्या वाटेने कोणी आलं होतं का, हे तुम्ही छातीठोकपणे सांगितलं नाहीत. "आलंच असेल असं धरून चाला," म्हणालात, आणि पासवर्ड या लॅपटॉपवरून नव्हे तर मोबाइलवरून बदलायला लावलेत. आधी ईमेलचा, मग बँकेचा. पैसे गेल्याचं कळलं तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, हेही बजावलंत. सुदैवाने तशी वेळ आली नाही. खोटा दिलासा दिला नाहीत, यासाठी मी तुमचा फार ऋणी आहे.

आणि एक गोष्ट तुमच्या लक्षातही नसेल. माझ्याकडे लोक पत्रिकाच नव्हे, मृत्युपत्रांचे मसुदे, कोर्टाचे अर्ज, सोयरिकीचे बायोडेटा टाइप करायला देतात. नावं, पत्ते, फोन नंबर, घरातल्या भानगडी, सगळं त्या फोल्डरांत आहे. कॉपी नीट झाली का ते पाहताना तुम्ही खुर्ची माझ्याकडे सरकवलीत आणि म्हणालात, "गिऱ्हाइकांच्या फाइली तुम्ही उघडा." तुमची नजर स्क्रीनवर नव्हती. ज्याच्या हातात दुसऱ्याचं मशीन येतं त्याने कसं वागावं, ते मी तुमच्याकडे पाहिलं.

आता तुम्ही सांगितलंत तसंच चाललं आहे. सेव्हनला सुरक्षेची मोफत सुधारणा मिळणं १४ जानेवारी २०२० लाच थांबलं, म्हणून या लॅपटॉपला इंटरनेट नाही. तो फक्त जुळणीसाठी. ईमेल मोबाइलवर, आणि बाहेरचा पेन ड्राइव्ह आधी नव्या मशीनवर तपासल्याशिवाय याला लावत नाही. जुनी कामं सवडीने युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतात, आणतो आहे. वेळखाऊ काम आहे, र्‍ह आणि जोडाक्षरं फार छळतात, पण पुढे सरकतं आहे.

जाताना तुम्ही एक कागद दिला होतात. काय काढलं, ते कुठे होतं, का काढलं, आणि कशाला मुद्दाम हात लावला नाही, सगळं मराठीत, सुवाच्य अक्षरात. तुमची परवानगी असेल तर तो कागद जुळवून, माझा तपशील गाळून, आमच्या गावातल्या डीटीपीवाल्यांना वाटायचा आहे. कागदावर तुमचं नाव घालायचं की नाही ते तुम्ही ठरवा आणि कळवा. तुमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेचं माहितीपत्रक करायचं म्हणत होतात, त्याचा मजकूर पाठवा. जुळणी माझ्याकडे लागली.

आपला,
मिरजेतला एक डीटीपीवाला