कॅनडाचा दाखला देताना मॅनिटोबा विसरू नये

मा. संपादक,
स. न.

भाषिक अल्पसंख्याकांचा विषय निघाला की आपल्याकडे कॅनडाचा दाखला हमखास दिला जातो आणि तो बहुधा केंद्राच्या कारभारात इंग्रजी व फ्रेंचला समान दर्जा देणाऱ्या १९६९च्या अधिकृत भाषा कायद्यापाशीच थांबतो. फ्रेंचबहुल क्वेबेकबाहेरच्या इंग्रजीबहुल प्रांतांतील सुमारे दहा लाख फ्रेंच भाषकांना त्या कायद्याने सारे आयते मिळाले, असा समज त्यातून होतो.

मॅनिटोबा या इंग्रजीबहुल प्रांताचेच पाहा. १८७० साली ज्या कायद्याने हा प्रांत स्थापन झाला, त्यातच विधिमंडळात व न्यायालयांत फ्रेंच वापरण्याची मुभा आणि कायदे दोन्ही भाषांत छापण्याचे बंधन होते. १८९० साली प्रांताने ते मोडीत काढले. स्थानिक न्यायालयाने १८९२ आणि १९०९ साली हे घटनाबाह्य ठरवले, तरी सरकारने त्या निकालांची दखलच घेतली नाही. पुढे १९७६ साली मॅनिटोबातील सेंट बोनिफेस या फ्रेंच भाषकांच्या वस्तीतले विमा एजंट जॉर्ज फॉरेस्ट यांना गाडी लावल्याबद्दल दंडाची पावती मिळाली, तीही केवळ इंग्रजीत. रक्कम किरकोळ होती. भरून मोकळे होणे सोपे होते. ते कोर्टात गेले आणि १९७९ साली सर्वोच्च न्यायालयात जिंकले. १९८५ साली त्याच न्यायालयाने मॅनिटोबाचे केवळ इंग्रजीत केलेले सगळे कायदे अवैध ठरवले आणि अनागोंदी माजू नये एवढ्यासाठी भाषांतर होईपर्यंत ते तात्पुरते चालू ठेवले. नव्वद वर्षे कागदावर पडून राहिलेला हक्क असा जागा झाला.

शाळांबाबत कॅनडाने १९८२च्या हक्कांच्या सनदेत, म्हणजे थेट राज्यघटनेत, २३वे कलम घातले. मुलांना आपल्या अल्पसंख्य भाषेतून, म्हणजे इंग्रजीबहुल प्रांतांत फ्रेंचमधून, शिकवून घेण्याचा हक्क ते पालकांना देते. अल्बर्टा प्रांतातील एडमंटनच्या पालकांनी तो वापरल्यावर, पुरेशी विद्यार्थिसंख्या असेल तेथे शाळेच्या कारभारातही त्यांना अधिकार आहे, असा निकाल १९९० साली लागला.

आपल्या राज्यघटनेचे कलम ३५० अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयीसाठी राज्याने प्रयत्न करावा, असे सांगते. कलम ३० अल्पसंख्याकांना स्वतःची शिक्षणसंस्था काढून चालवण्याचा हक्क देते खरे, पण सरकारी मराठी शाळेतील मुलांच्या पालकांना त्याचा फारसा उपयोग नाही. बेळगावच्या मराठी शाळांबद्दल बोलताना कॅनडाकडे बोट दाखवणाऱ्यांनी १९६९च्या कायद्याऐवजी हे २३वे कलम पुढे करावे आणि आपल्या खासदारांना त्याविषयी विचारावे.

आपला,
एक वाचक