गाडीतील शिट्टीचे मूळ आधी शोधावे, फिल्टर नंतर विकावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पानावर, मोटारीत नवी म्युझिक सिस्टीम बसवून घेणाऱ्यांसाठी नुकतीच उपयुक्त माहिती प्रसिद्ध झाली होती. स्पीकर किती इंची घ्यावेत, अँप्लिफायर किती वॉटचा असावा, डिकीत वूफर (खर्जाच्या सुरांचा मोठा स्पीकर) ठेवल्यावर सामानाला किती जागा उरते, हे सारे त्यात होते. मात्र अशी सिस्टीम बसवून घेतलेल्या अनेकांना पहिल्याच आठवड्यात जो त्रास सुरू होतो, त्याविषयी त्यात एक ओळही नव्हती. इंजिन सुरू केले की स्पीकरमधून बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तसा तो चढत जातो. माझी नोकरी दूरध्वनी खात्यात, तारांमधील खरखर शोधण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर तीच खरखर माझ्या गाडीत मुक्कामाला आली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझ्या सहा वर्षे जुन्या छोट्या मोटारीत मी शहरातील एका दुकानातून चार चॅनेलचा अँप (अँप्लिफायर) आणि डिकीत एक वूफर बसवून घेतला. दुकानात, इंजिन बंद असताना, सारे सुरेल वाजले. साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढू लागली, तेव्हा मात्र गाण्याच्या दोन ओळींमधल्या शांततेत ती शिट्टी अशी काही वर चढली की सौभाग्यवतींनी विचारले, ‘‘हे इंजिन गातंय का?’’ परत आल्यावर दुकानदाराने बॅटरीच्या तारेवर एक फिल्टर बसवला. फरक पडला नाही. मग डॅशबोर्डातील डेकपासून (गाणी वाजवणाऱ्या संचापासून) अँपपर्यंत सिग्नल नेणाऱ्या आरसीए केबलच्या मध्ये आणखी एक डबी जोडली. शिट्टी निम्मी झाली, पण तबल्याच्या डग्ग्यातला घुमाराही निम्मा झाला. तिसऱ्या खेपेला ‘‘काका, तुमचा डेकच बदलावा लागेल’’ असा निकाल मिळाला. तीन खेपांत तीन वस्तू सुचवल्या गेल्या, परंतु एकदाही कोणी मल्टिमीटर (व्होल्ट वगैरे मोजायचा मीटर) हातात घेतला नाही, हे मला सर्वांत जास्त खटकले.

हा आवाज येतो कुठून, हे एकदा कळले की शोध निम्मा सोपा होतो. गाडी चालू असताना वीज पुरवतो तो अल्टरनेटर, ज्याला जुने मेकॅनिक अजूनही डायनॅमो म्हणतात. तो तीन फेजची वीज तयार करतो आणि आतील डायोड तिचे डीसीत (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेत) रूपांतर करतात, पण ही डीसी बॅटरीसारखी सपाट नसते, तिच्यावर बारीक लाटा असतात. समजा, अल्टरनेटरला ध्रुवांच्या सहा जोड्या आहेत आणि पट्ट्यामुळे तो इंजिनाच्या अडीचपट वेगाने फिरतो. तर इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असताना या लाटा सेकंदाला सुमारे १२०० होतात, आणि घाटात फेरे २५०० वर गेले की ३७५० च्या घरात पोचतात. माणसाचा कान साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो. ती शिट्टी एवढी टोचते ते उगाच नव्हे.

या लाटा प्रत्येक गाडीत असतात, मग त्या सर्वांच्या स्पीकरमध्ये का उतरत नाहीत? कारण बहुतेक वेळा त्यांना आत यायला वाट नसते, आणि ती वाट आपण बसवून देतो. मोटारीत बॅटरीचे ऋण टोक बॉडीला जोडलेले असते आणि प्रत्येक उपकरणाचा प्रवाह त्या पत्र्यातूनच परततो. पत्रा उत्तम वाहक असला तरी त्याचा विरोध शून्य नसतो. त्यामुळे डॅशबोर्डामागे जिथे डेकला अर्थ (प्रवाह परतण्यासाठी बॉडीशी जोड) दिले आहे तो बिंदू आणि सीटखाली जिथे अँपला अर्थ दिले आहे तो बिंदू, यांच्यात काही मिलिव्होल्टांचा फरक राहतो. आता या दोन उपकरणांना जोडणाऱ्या आरसीए केबलचे बाहेरचे वेष्टनही अर्थशीच जोडलेले असते. म्हणजे परतीला दोन वाटा झाल्या, आणि अल्टरनेटरच्या लाटा त्या वेष्टनातून थेट गाण्याच्या सिग्नलमध्ये मिसळल्या. डेकमधून हळू आवाजात येणारा सिग्नल स्वतःच काही मिलिव्होल्टांचा असतो. अँपला गाणे कोणते आणि लाट कोणती हे कळत नाही, तो दोन्ही सारखेच मोठे करतो.

टेलिफोनच्या दोन तारा एकमेकींना पिळा देऊन नेलेल्या असतात आणि जमिनीच्या दृष्टीने दोघी अगदी सारख्या ठेवलेल्या असतात, त्यामुळे शेजारच्या वीजवाहिनीचा उपद्रव दोघींवर सारखाच होतो आणि शेवटी वजा होऊन जातो. आरसीए केबलला हे संरक्षण नाही. म्हणूनच ती कुठून न्यावी आणि तिच्या दोन टोकांची अर्थ कशी असावी, याला इतके महत्त्व आहे.

माझ्या गाडीत मी जो क्रम धरला तो सांगतो, कारण कोणत्याही गाडीत तोच लागू पडेल. प्रथम किल्ली फक्त अ‍ॅक्सेसरीवर ठेवून, इंजिन न लावता, ऐकले. या अवस्थेत सतत ‘सूं’ असा आवाज येत असेल आणि इंजिनाच्या वेगाने तो बदलत नसेल, तर अल्टरनेटरला दोष देऊ नये. बहुधा अँपवरील गेनचे बटण नको तितके फिरवलेले असते. गेन म्हणजे आवाज मोठा करण्याचे बटण असा समज ग्राहकांचाच नव्हे, काही फिटरांचाही असतो. प्रत्यक्षात ते डेकच्या सिग्नलशी अँपचे माप जुळवण्यासाठी असते. डेकचा आवाज तीन-चतुर्थांश ठेवून, गाणे स्वच्छ आणि पुरेसे मोठे ऐकू येईल तिथवरच गेन न्यावे.

माझी शिट्टी इंजिनाबरोबरच जन्मत होती. म्हणून सिस्टीम पूर्ण बंद करून अँपमधून आरसीए केबली काढल्या आणि पुन्हा इंजिन लावले. ‘पूर्ण बंद करून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण चालू सिस्टीमवर या केबली काढता-घालताना बाहेरचे कडे जिवंत तारेला टेकले, तर काही डेकमधील अर्थचा केसाएवढा फ्यूज उडतो, आणि मग नसलेली शिट्टीही कायमची येऊन बसते. केबली काढल्यावर आवाज तसाच राहिला, तर दोष अँपच्या वीजपुरवठ्यात किंवा स्पीकरच्या तारांत. गेला, तर तो अलीकडे, केबलमध्ये किंवा डेकमध्ये. माझ्याकडे तो बराच कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. म्हणजे दोष एक नव्हता, दोन होते, आणि तीन खेपांत त्या दुकानाचा गोंधळ का झाला असेल हे मला तेव्हा उमगले.

पहिला दोष मल्टिमीटरने पाच मिनिटांत दाखवला. इंजिन चालू, गाणे मोठ्याने, मीटरचे एक टोक अँपच्या अर्थ टर्मिनलवर आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकावर: ०.४ व्होल्ट! हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितके बरे. अर्थची तार सीटच्या बोल्टाखाली दाबलेली होती. तो बोल्ट मजबूत असतो हे खरे, पण त्याच्या आट्यांवर चिकट लेप आणि खालच्या पत्र्यावर रंग असतो, आणि रंग वीज वाहून नेत नाही. शेजारचा पत्रा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासला, चांगले थिंबल (तारेच्या टोकाला बसवायचे धातूचे कडे) दाबून जाड तार कमीत कमी लांबीत तिथे नट-बोल्टाने आवळली आणि गंज धरू नये म्हणून वरून ग्रीस लावले. मीटर ०.०५ वर आला. यात खर्च झाला तो एका थिंबलचा आणि अर्ध्या पॉलिश पेपरचा.

दुसऱ्या दोषासाठी मी आरसीएची एक जादा केबल डेकपासून अँपपर्यंत सीटांवरून सरळ टाकून पाहिली. शिट्टी गप्प झाली. मूळ केबल दाराच्या उंबऱ्याखाली बॅटरीच्या जाड तारेबरोबर एकाच पट्टीने बांधून नेलेली निघाली. बॅटरीची तार एका बाजूने आणि सिग्नलची केबल दुसऱ्या बाजूने न्यावी, आणि जिथे ओलांडावीच लागेल तिथे काटकोनात ओलांडावी, हा नियम फिटरला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही; गालिचा दोन्ही बाजूंनी उचलण्याचा कंटाळा, एवढेच.

एवढे करूनही शिट्टी राहिली असती, तर डेकची अर्थ अँपच्याच बिंदूवर आणून पाहिली असती, आणि मीटर एसी व्होल्टच्या (दिशा बदलणाऱ्या विजेच्या) मापावर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर लाटा मोजल्या असत्या. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आसपास काही दिसले, तर अल्टरनेटरमधील एखादा डायोड गेल्याची शंका घ्यावी. त्या वेळी आवाज शिट्टीपेक्षा घोगरा होतो आणि उपाय म्युझिकवाल्याकडे नसून ऑटो इलेक्ट्रिशियनकडे असतो.

काही आवाज तर सिस्टीमचे नसतातच. मोबाइल चार्जिंगला लावून त्याच वेळी ऑक्स केबलने (मोबाइल डेकला जोडणाऱ्या तारेने) गाणी लावली की येणारी किरकिर चार्जर काढताच थांबते. तिथे ब्लूटूथ वापरावे. माझ्या मित्राच्या गाडीत फक्त रेडिओवर खरखर होती, इतर गाणी स्वच्छ. पुण्यात विविध भारती १०१ मेगाहर्ट्झवर खणखणीत लागते, तीही ऐकवेना. डॅशकॅमचा स्वस्त चार्जर उपटला आणि निवेदिकेचा आवाज परत आला.

आता फिल्टरविषयी. केबलमध्ये बसवण्याच्या त्या डबीत छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. ते दोन अर्थ वेगळ्या करतात, म्हणून शिट्टी कमी होते, पण स्वस्त ट्रान्सफॉर्मरमधून खर्जाचे सूर नीट पलीकडे जात नाहीत. माझा डग्गा तिथेच अडकला होता. कंपनीच्या डेकला हात लावता येत नसेल तर ही डबी उपयोगी आहे, हे मी नाकारत नाही. पण वायरिंग न तपासता पहिल्याच खेपेला ती विकणे म्हणजे छप्पर गळते म्हणून घरात बादली विकण्यासारखे आहे.

आपल्या पानावरून व्यावसायिकांना दोन विनंत्या पोचाव्यात, अशी इच्छा आहे. एक, गाडी ताब्यात देण्यापूर्वी इंजिन चालू करून, हेडलाइट आणि वातानुकूलन लावून, अ‍ॅक्सिलरेटर दाबून ग्राहकाला सिस्टीम ऐकवावी. दुसरी, वापरलेल्या तारेची जाडी, ती शुद्ध तांब्याची आहे की तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची, आणि फ्यूज किती अँपिअरचा, हे बिलावर लिहावे. हा फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतराच्या आतच हवा. तो अँपजवळ बसवला, तर मधली सारी तार उघडी पडल्यास आग लागेपर्यंत थांबवणारे कोणीच नसते. माझ्या गाडीत तो अँपजवळच होता. शिट्टी शोधायला सीट काढली नसती, तर हे मला कधीच कळले नसते.

आता खंबाटकीत गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढते तेव्हा इंजिनाचा आवाज बॉनेटखालूनच येतो. पुढच्या छोट्या स्पीकरला अगदी कान लावला, तर एक बारीक ‘सूं’ अजून ऐकू येते. तिच्यामागे मी लागलेलो नाही.

आपला,
एक निवृत्त दूरध्वनी कर्मचारी,
पुणे