मागचं-पुढचं वाचायला लावलंत, म्हणून आभार

आदरणीय पाळकसाहेब,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

रविवारच्या उपासनेनंतर आपण खोटं शिक्षण कसं ओळखावं यावर शास्त्राभ्यास घेतलात, त्याबद्दल मंडळीच्या वतीने हे पत्र. जाहीर लिहितो आहोत, कारण आपली पद्धत इतर मंडळ्यांनाही उपयोगी पडेल.

खोटं शिक्षण पवित्र शास्त्र हातात घेऊनच येतं, हे आपण मत्तय 4:6 वरून दाखवलंत. येशूची परीक्षा पाहताना सैतान 91 वं स्तोत्र म्हणतो, पण ‘तुझ्या सर्व मार्गांत’ एवढं गाळतो. आणि 13 व्या वचनापर्यंत तो जातच नाही. तिथे साप पायाखाली तुडवण्याची गोष्ट आहे! म्हणून कुणी एखादं वचन तोंडावर फेकलं, तर आधीची दहा आणि नंतरची दहा वाचायची, कुणी कुणाला लिहिलं ते पाहायचं, मगच आमेन म्हणायचं. चांगल्या भवितव्याचं आश्वासन देणारं यिर्मया 29:11 मोबाइलवर रोज फिरतं. त्याच्या आधीचं, बाबेलात 70 वर्षं काढायला लावणारं 10 वं वचन मात्र कुणी पाठवत नाही.

सगळ्यात मोलाचं ठरलं ते आजारपणावरचं शिक्षण. ‘विश्वास असेल तर रोग राहणार नाही, गोळ्या बंद करा’ असं सांगणाऱ्यांपुढे आपण तीन संदर्भ ठेवलेत. प्रेषित पौलाने शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे छळणाऱ्या त्रासासाठी, तीनदा विनवणी केली, काटा राहिलाच (2 करिंथ 12:7-9). आपला सोबती त्रफिम आजारी असताना त्याला त्याने मिलेत गावात मागे ठेवलं (2 तीमथ्य 4:20). आपला सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं (1 तीमथ्य 5:23). पौलाचा विश्वास कमी पडला, असं म्हणायला कुणाची जीभ रेटेल? देव बरं करत नाही, असं आपण कधीच म्हणाला नाहीत; मंडळीच्या वडीलजनांनी तेल लावून प्रार्थना करावी, हे याकोब 5:14 आपणच शिकवलंत. घोटाळा होतो तो कृपेची हमी केली की. मग गुण आला नाही तर दोष रोग्याच्या माथी, आणि इन्सुलिन थांबवलेल्याचा जीवही धोक्यात.

भविष्यवाणीचं तसंच. खोटी ठरली तर ती देवाची नव्हे, हे ‘अनुवाद’ या पुस्तकातलं 18:22 पुष्कळांना ठाऊक असतं. खरी ठरूनही ती दुसऱ्या देवामागे नेत असेल तर ऐकू नका, हे अनुवाद 13:1-3 मात्र विसरलं जातं.

‘येशू देव नाही’ म्हणणाऱ्यांशी ग्रीक व्याकरणावर भांडू नका, असं आपण बजावलंत. लुस्त्र गावात लोक बर्णबा आणि पौल यांना देव समजून यज्ञ करायला निघाले, तेव्हा त्या दोघांनी विरोधात आपले कपडे फाडले (कृत्ये 14:14). पाया पडणाऱ्या योहानाला देवदूताने थांबवलं (प्रकटीकरण 22:9). थोमा ‘माझा प्रभू व माझा देव’ म्हणाला, तेव्हा येशूने त्याला थांबवलं नाही (योहान 20:28-29). तिन्ही उतारे शेजारी ठेवून शांतपणे वाचायचे, एवढंच.

शांतपणे, कारण 2 तीमथ्य 2:24-25 सौम्यतेने समजावा म्हणतं. 2 योहान 10 मधलं ‘घरात घेऊ नका’ हे खोट्या उपदेशकाला थारा देऊन त्याच्या कामात भागीदार होण्याविषयी आहे, दारात आलेल्याला चहा विचारण्याविषयी नाही, हा आपला खुलासा अनेक घरांतला ताण कमी करून गेला.

1 योहान 5:16 मधलं ‘मरणाला कारण होणारं पाप’ तेवढं समजून घ्यायचं राहिलं आहे. पुढच्या भेटीत त्यासाठी वेळ ठेवावा, ही विनंती.

आपले,
मंडळीतील अभ्यासगट