पट कमी आहे म्हणून शाळा कमी समजू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात कमी पटाच्या शाळांवर बातमी आली होती. पट घसरला म्हणजे शाळेत दम राहिला नाही असंच त्यात धरून चालल्यासारखं वाटलं, म्हणून हे पत्र. मी कोल्हापुरातल्या एका छोट्या ख्रिश्चन शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवते. ख्रिश्चन शाळा म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर एकदम कॉन्व्हेंट येतं, टाय, बूट, भरपूर फी, फाडफाड इंग्लिश. आमची शाळा मराठी मीडियमची, अनुदानित, चर्चच्या आवारातली. कुणाचे वडील उद्यमनगरात लेथवर, कुणाचे मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला हमाल, कुणाची आई गांधीनगरला कापडाच्या दुकानात. वर्गात ख्रिश्चन पोरं चार-पाचच, बाकी सगळ्या जातीधर्माची. सकाळी परिपाठाला राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, आणि शाळेची पहिल्यापासूनची प्रभूची प्रार्थना, ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’. एखाद्या दिवशी ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं भजन. बाहेरची माणसं मला विचारतात की तुम्ही पोरांना ख्रिश्चन करता का हो, पालक मात्र असं कधी विचारत नाहीत, कारण त्यातले बरेचजण स्वतःच इथं शिकून गेलेत.

आता मुद्द्याचं बोलते. माझ्या वर्गाचा पट 22 आहे. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला 30 मुलांमागे 1 शिक्षक सांगितलाय, म्हणजे 22 हा काही लाज वाटायचा आकडा नाही. पण ह्या 22 मुळं मला एक गोष्ट करता येते जी पन्नास पोरांच्या वर्गात कितीही जीव तोडला तरी जमत नाही, ती म्हणजे प्रत्येक पोराला शेजारी बसवून त्याचं वाचन ऐकणं. प्रत्येकी पाच मिनिटं म्हटली तर सगळ्यांना पावणेदोन तासाच्या वर लागतात, म्हणून निम्मी आज निम्मी उद्या. तेवढ्या वेळात बाकीची शुद्धलेखन करतात, चित्र रंगवतात, थोडा दंगाही करतात, तो मी चालवून घेते.

हे एवढं का लागतं ते सांगते. दुसरीतलं पोर फार हुशार असतं, धडा दोनदा कानावर पडला की त्याला तोंडपाठ होतो, मग पुस्तक समोर धरून ते असं काही खडाखडा वाचतं की ऐकणाऱ्याला वाटावं वा, काय सुंदर येतंय. माझ्या वर्गात एक मुलगी अशीच वाचायची, आवाज खणखणीत, कुठं अडखळणं नाही. मी शेजारी बसून नुसती तिच्या बोटाकडं बघत होते, तर बोट दुसऱ्या ओळीवर आणि तोंड चौथ्या ओळीवर. चित्र हातानं झाकलं आणि मधलंच एक वाक्य दाखवलं, तर गप्प. काना मात्रा येत होत्या, पण उकार आणि वेलांटी आली की गडबड, रफार तर ती सरळ सोडूनच द्यायची. हे कुठल्याही लेखी परीक्षेत सापडलं नसतं, कारण फळ्यावरचं बघून ती सुंदर अक्षरात लिहायची. मग तिच्यासाठी नेहमीचे शब्द काढले, सूर्य, दोरी, पीठ, कुलूप, तिच्या घरातले, दारातले, आणि रोज दहा-दहा वाचून घेतले. दिवाळीनंतर एक दिवस तीच माझ्या टेबलापाशी आली, ‘बाई, आज नवीन धडा, तुम्ही आधी वाचू नका, मीच वाचते, ऐका की.’ अडखळत वाचलं, पण प्रत्येक शब्द बोटाखालचा होता.

लहान मुलांना नीट लिहिता-वाचता आणि गणित यावं म्हणून केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान 2021 साली सुरू झालं, त्यात दुसरीच्या मुलानं मिनिटाला 45 ते 60 शब्द समजून वाचावेत असं लक्ष्य आहे. लक्ष्य चांगलंच आहे, माझी त्याला काही हरकत नाही. पण ते एक मिनिट कुणीतरी शेजारी बसून ऐकायला पाहिजे ना? आणि नेमका तोच वेळ सगळ्यात आधी जातो. पोषण आहाराची रोजची नोंद, आहार आधी कुणी चाखला त्याचं चव रजिस्टर, आधार जुळत नाही ते दुरुस्त करा, युडायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदीची माहिती भरा, मधेच ग्रुपवर मेसेज, आज दुपारपर्यंत अमुक लिंक भरून पाठवा. आमच्यासारख्या छोट्या शाळेला वेगळा क्लार्क परवडत नाही, मग हे सगळं वर्गशिक्षकानंच करायचं. आहाराबद्दल मात्र मी कुरकुर करणार नाही, रोजचे 100 ग्रॅम तांदूळ काही पोरांसाठी फार मोठी गोष्ट आहे आणि ज्या बुधवारी अंडी मिळायची त्या बुधवारी हजेरी भरलेली असायची, जानेवारी 2025 मध्ये राज्य सरकारनं अंड्याचे पैसे बंद केले ते मला अजून पटलेलं नाही.

आमच्या शाळेत वाचनाला जोर कधी येतो म्हणाल तर नाताळच्या नाटिकेला. दिवाळीची सुट्टी संपली की मी संवादाचे कागद वाटते, मोठ्या अक्षरात हातानं लिहिलेले, आणि ज्याला आपला कागद वाचता येईल त्यालाच तो पार्ट असा नियम आहे. मग बघा, बेथलेहेम, स्वर्गदूत, ख्रिस्त, असले अवघड शब्द पोरं जेवणाच्या सुट्टीतसुद्धा एकमेकांकडून म्हणून घेतात. बाळ येशूला ठेवलं ती गव्हाण काय असते ते सांगावं लागत नाही, बऱ्याच जणांच्या गावाकडं म्हशी आहेत. बाळाला बघायला आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना आम्ही कोल्हापुरी फेटे बांधतो. गेल्या वर्षी मेंढपाळ झालेल्या एका पोरानं आज्याचं खरंखुरं घोंगडं आणलं होतं, मेंढरांचा वास येणारं, काळंभोर, जड, त्याच्या खांद्यावरून सारखं घसरायचं. हा पोरगा धनगराचा, वर्गात तोंड उघडायचा नाही. घोंगडं एका हातानं सावरत त्यानं आपली तीन वाक्यं म्हटली, तीही कागद न बघता, आणि त्याचा आजा पहिल्या रांगेत उभाच राहिला.

ह्या शहराला शाळांचं महत्त्व नव्यानं सांगायला नको. 1852 साली रॉयल वाइल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी इथं आले, त्यांच्या नावाचं चर्च आजही आहे, मिशनच्या शाळा तेव्हापासूनच्या. पुढं राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करायचा हुकूम काढला, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला 1 रुपया दंड ठेवला. त्या काळातला एक रुपया! त्याच कोल्हापुरात आता आईबाप कर्ज काढून पहिलीच्या पोराला रिक्षात कोंबून लांबच्या इंग्लिश मीडियमला धाडतात, तिथं एका वर्गात किती पोरं बसतात हे विचारत नाहीत, घरी कुणाला इंग्लिश येत नाही त्यामुळं पोराला वाचता येतंय की पाठ झालंय हे तपासायलाही कुणी नाही. त्यांचा मला राग येत नाही, त्यांना पोराचं भलंच करायचंय. पण इकडं आमचा पट तीन-चारानं खाली आला की संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांच्या जागा ठरवतात त्यात, शिक्षकाची एक जागा जाऊ शकते, मग दोन वर्ग एकत्र, आणि मग मलाही एकेकाचं वाचन ऐकायला वेळ राहत नाही. मग लोक म्हणणार, बघा, शाळेचा दर्जा घसरला.

म्हणून दोन विनंत्या. पालकांनी जूनमध्ये अॅडमिशन घेताना, शाळा कुठलीही असो, पहिली-दुसरीच्या बाईंना एवढंच विचारावं की माझ्या पोराचं वाचन आठवड्यातून किती वेळा तुम्ही स्वतः ऐकणार. आणि संपादक साहेब, तुमच्या पेपरचं रोजचं एक पान मी वर्गात टांगते, दप्तराविना उपक्रमांच्या ‘आनंददायी शनिवारी’ पोरं त्यातल्या हेडलाइन वाचतात, पण मुलांच्या पुरवणीतली अक्षरं इतकी बारीक आणि वाक्यं इतकी लांब असतात की दुसरीचं पोर दुसऱ्याच ओळीत दमतं. आठवड्यातून एकदा मोठ्या टायपात, छोट्या वाक्यांच्या फक्त दहा ओळी छापाल का, आपल्या गावातल्याच, रंकाळ्याच्या, पंचगंगेच्या, मंडईच्या? घरात ज्या आईला वाचता येत नाही तीसुद्धा स्वयंपाक करता करता पोराकडून त्या ऐकून घेईल. मजकूर हवा असेल तर मी आणि माझ्या सहकारी बाई लिहून द्यायला तयार आहोत, मानधन नको.

आपली,
दुसरीच्या वर्गाची एक शिक्षिका, कोल्हापूर